एलएल.एम. नंतर पीएच.डी.: आधी प्रश्न, मग गाईड, प्रवेश सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी., त्यावर एक वर्षाचं एलएल.एम. ५६ टक्क्यांनी, तुम्ही महिला, वय ३१, जिल्हा न्यायालयात तीन वर्षं वकिली. एलएल.एम.चा लघुप्रबंध ‘महिलांविषयक कायदे : एक चिकित्सक अभ्यास’ या नावाचा, आणि तोच वाढवून कायद्यात पीएच.डी. करायची इच्छा. पेटची (विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची) तयारी कशी करू, गाईड (मार्गदर्शक) कसा मिळवू, वकिली सोडावी लागेल का, प्रबंध मराठीत चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

यातल्या पेटवर सगळे जण सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि माझ्या मते अडचण तिथे नाहीच. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम असतो: आधी प्रवेश परीक्षा, मग ज्याच्याकडे जागा रिकामी असेल तो गाईड, मग त्या गाईडला चालेल तो विषय. अर्धवट सुटलेल्या पीएच.डी. पाहिल्या तर बहुतेकींची सुरुवात याच क्रमाने झालेली दिसते. क्रम उलटा करा. म्हणून उत्तरातला मोठा भाग विषयावर आहे, परीक्षेवर थोडाच.

पण त्याआधी, पीएच.डी. कशासाठी हवी आहे? लॉ कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किमान अट आहे आणि त्या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक आहे. सहयोगी प्राध्यापक पदापासून पुढे ती लागतेच. म्हणजे शिकवायची घाई असेल तर आधी नेट किंवा सेट काढा, नोकरीला लागा आणि पीएच.डी. नोकरीत राहून करा. आपला सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरता चालतो, नेट देशभर. वकिलीत पीएच.डी.मुळे वकीलपत्रं वाढत नाहीत. पाटीवर ‘अ‍ॅड. डॉ.’ लागतं, पण पक्षकार तरीही तारीख कधीची एवढंच विचारतो. धोरण, विधी आयोगासारखं काम, संशोधन संस्था किंवा मनात खरोखर घर करून बसलेला एखादा प्रश्न, यापैकी काही असेल तर पुढे वाचा.

पात्रता पटकन उरकतो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे. तिच्यानुसार पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सूट आहे. चार किंवा अधिक वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी चालते, त्यामुळे तुम्ही बसता. तरीही एक वर्षाच्या एलएल.एम.बद्दल बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी वाद उभा केला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून ज्या विद्यापीठात अर्ज करणार तिथल्या पीएच.डी. विभागाला ई-मेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा. एम.फिल. आता बंद आहे, त्या वाटेचा विचार नको. आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. कुणी देऊ केली तर तिथून मागे फिरा, यूजीसीला ती मान्य नाही.

आता विषय. ‘महिलांविषयक कायदे : एक चिकित्सक अभ्यास’ हे लघुप्रबंधाला खपून जातं. पीएच.डी.ला ते नाव नव्हे, कपाट आहे. त्यात काहीही ठेवता येतं. नवीन विद्यार्थ्याला मी पहिल्या भेटीत एकच विचारतो: तुमचं म्हणणं चुकीचं ठरू शकेल अशी एखादी माहिती कुठे सापडेल? उत्तर येत नसेल तर अजून विषय हातात आलेला नाही.

भारतीय कायद्याच्या प्रबंधांत सगळ्यात जास्त वेळा दिसणारं गृहीतक असं: ‘कायदा चांगला आहे, पण त्याची अंमलबजावणी परिणामकारक नाही.’ हे खोटं ठरूच शकत नाही. जगातल्या कुठल्याही कायद्याला ते लागू पडतं. मग ते ‘सिद्ध’ करायला शंभर वकिलांना प्रश्नावली वाटली जाते, त्यातले ऐंशी जण ‘होय, अंमलबजावणी कमी पडते’ म्हणतात, पाय चार्ट निघतो आणि शेवटच्या प्रकरणात ‘जनजागृती करावी’ अशी शिफारस येते. बाहेरच्या परीक्षकाने असे डझनभर प्रबंध वाचलेले असतात. मौखिकीत तो विचारतो, वकिलांचं मत मोजलंत, अंमलबजावणी कुठे मोजलीत? तिथे गाडी थांबते.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. कलम १२ म्हणतं, अर्ज आल्यावर पहिल्या सुनावणीची तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत असावी, आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायदंडाधिकाऱ्याने करावा. कलम १३ प्रमाणे नोटीस संरक्षण अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याने ती जास्तीत जास्त दोन दिवसांत, किंवा न्यायदंडाधिकारी देईल तेवढ्या वाजवी मुदतीत, बजावायची असते. दोन, तीन, साठ. कायद्यानेच तीन आकडे दिले आहेत. साठ दिवस पाळले जात नाहीत हे न्यायालयाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर पीएच.डी. होत नाही. ते साठ दिवस नेमके कोणत्या टप्प्यावर जातात, यावर होते.

इथून खरी गृहीतकं निघतात. ‘संरक्षण अधिकाऱ्यामार्फत नोटीस बजावलेल्या प्रकरणांत प्रतिवादी पोलिसांमार्फत नोटीस गेलेल्या प्रकरणांपेक्षा लवकर हजर होतो.’ किंवा, ‘कलम २३ खाली अंतरिम आदेश झाला की अंतिम निकालाला जास्त वेळ लागतो.’ किंवा, कलम २८(२) न्यायालयाला स्वतःची कार्यपद्धती ठरवण्याची मुभा देतं. ती वापरणाऱ्या न्यायालयात आणि न वापरणाऱ्या न्यायालयात फरक दिसतो का? यातलं प्रत्येक विधान खोटं निघू शकतं, आणि खोटं निघालं तरी प्रबंध उभा राहतो. हे लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या वर्षी आकडे आपल्या मनासारखे येत नाहीत तेव्हा तेच उपयोगी पडतं.

माहिती कुठून आणायची हे विषय ठरवतानाच बघायचं असतं. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या संकेतस्थळावर जिल्हानिहाय प्रलंबित प्रकरणांचे एकूण आकडे मिळतात, पण कोणत्या टप्प्याला किती दिवस गेले ते थेट मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांतले आदेश न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणजे मूळ फाइली पाहाव्या लागतील. त्यासाठी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज: विषय, गाईडचं पत्र, कोणत्या वर्षांतल्या किती फाइली, नावं आणि पत्ते नोंदवणार नाही अशी लेखी हमी. परवानगी मिळेलच असं नाही आणि किती वेळात मिळेल ते जिल्ह्यावर अवलंबून आहे. म्हणून आराखड्यातच पर्यायी वाट लिहून ठेवा: माहिती अधिकारात संरक्षण अधिकाऱ्यांच्या नोंदी, उच्च न्यायालयाचे या कायद्यावरचे निकाल, विधी सेवा प्राधिकरणाची आकडेवारी.

परवानगी मिळाली की आधी फक्त दहा फाइली वाचा. प्रत्येक फाइलीचा एक तक्ता: अर्जाची तारीख, नोटीस काढल्याची, बजावल्याची, घटना अहवाल आल्याची, पहिल्या सुनावणीची, अंतरिम आदेशाची, अंतिम आदेशाची. शिवाय प्रत्येक तहकुबी कुणी मागितली आणि कारण काय लिहिलं. दहा फाइलींत कळतं की रोजनाम्यात (तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) कारण लिहिलेलंच नसतं, किंवा बजावणीचा अहवाल जोडलेला नसतो. तेव्हा तक्ता बदला. दीडशे फाइली वाचून झाल्यावर एक रकाना राहिल्याचं कळणं फार महाग पडतं. एका फाइलीला दीड तास धरा. दीडशे फाइलींना २२५ तास. आठवड्याला सहा तास मिळाले तर अडतीस आठवडे, सुट्ट्या आणि दप्तर बंद असल्याचे दिवस धरून जवळपास वर्ष. हा हिशोब सगळ्यांनी विषय घेण्याआधी करावा. कुणी करत नाही.

फाइलींचं काम नकोच असेल तर शुद्ध सैद्धांतिक प्रबंधही तितकाच प्रतिष्ठित आहे, कमी कष्टाचा मात्र नाही. तिथे निकालांमधली विसंगती दाखवून तिची तर्कशुद्ध उकल द्यावी लागते. नुसता निकालांचा गोषवारा म्हणजे डायजेस्ट, प्रबंध नव्हे. आणि ‘अमेरिका व इंग्लंडशी तुलना’ हे प्रकरण केवळ प्रथा म्हणून घालू नका. तुलना कशासाठी, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर ते गाळा.

कायदा मध्येच बदलण्याचा धोकाही मोजा. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले आणि दंड संहितेच्या कलमांवर बेतलेल्या कितीतरी आराखड्यांचे मथळे एका दिवसात जुने झाले. उलट बाजूने, कामगार संहिता २०१९-२० मध्ये संमत झाल्या आणि लागू व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यांच्या ‘अंमलबजावणीवर’ आधीच नोंदणी केलेल्यांकडे अभ्यासायला अंमलबजावणीच नव्हती. विषय कलमाच्या क्रमांकावर नव्हे, तत्त्वावर किंवा प्रक्रियेवर बेता.

हा विषय आधी झालाय का ते शोधगंगावर पाहा. देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. शोधगंगोत्रीवर चालू संशोधनाचे आराखडे असतात. त्याच कायद्यावरचे पाच-सहा प्रबंध उघडा आणि प्रस्तावना सोडून थेट आकडेवारीचं आणि शेवटचं प्रकरण वाचा. त्यांनी कुठे हात टेकले ते तिथे दिसतं, आणि तुमची जागा बहुधा तिथेच असते.

एवढं दोन पानांत मांडता आलं की गाईडकडे जा. गाईड त्या विद्यापीठाने मान्यता दिलेला आणि एखाद्या मान्य संशोधन केंद्राशी जोडलेला असावा लागतो. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न जागेचा, दुसरा निवृत्तीचा. विचारायला अवघडल्यासारखं होतं, पण वयाच्या ५७ व्या वर्षी गाईड तुम्हाला घेईल आणि प्रबंध सहाव्या वर्षी जाईल, तर मधल्या काळात गाईड बदलण्याची वेळ येऊ शकते. तिसरी गोष्ट विचारायची नाही, शोधायची: त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे प्रबंध गेल्या पाच वर्षांत सादर झाले. शोधगंगावर गाईडच्या नावाने तेही कळतं. मोठं नाव आणि रिकामी यादी, यापेक्षा मध्यम नाव आणि चार पूर्ण प्रबंध कधीही बरे.

गाईडला पहिलं पत्र लिहिताना ‘सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची आहे, बायोडेटा जोडला आहे’ असं लिहू नका. अशी पत्रं रोज येतात. प्रश्न काय, आधीच्या प्रबंधांनी तो का सोडवला नाही, माहिती कुठे आहे, ती मिळाली नाही तर काय, एवढी चार परिच्छेदांची टिपणी पाठवा. ज्यांचे स्वतःचे लेख त्या क्षेत्रात आहेत त्यांनाच पाठवा आणि त्यातला एखादा खरोखर वाचून पाठवा.

प्रवेशाचं आता सांगतो. २०२४-२५ पासून यूजीसीने नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरायची सोय केली. नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह), सहायक प्राध्यापक व पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. अनेक विद्यापीठं स्वतःची पेटही घेतात. तिथे अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीवर, अर्धे विषयावर आणि मुलाखतीला पोचायला ५० टक्के. कोण नेट धरतं, कोण पेट, ते दर वर्षीच्या जाहिरातीत पाहा. पुणे, मुंबई, नागपूर, गोवा विद्यापीठ, मुंबई-नागपूर-छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं, बाहेर बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली: प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं.

तरीही तुम्ही नेट द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जेआरएफ. दोन पेपर, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विधीचा विषय क्रमांक ५८. जेआरएफची वयोमर्यादा ३० असली तरी एलएल.एम.धारकांना तीन वर्षांची आणि महिलांना पाच वर्षांची सूट आहे. सूट बेरजेने वाढत नाही, जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं आणि आकस्मिक खर्च. शिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. लागू असेल त्या संस्थेच्या जाहिरातीवर नोंदणीच्या दिवसापासून नजर ठेवा. जागा आणि अटी बदलत राहतात.

वकिलीबद्दल. पूर्ण वेळ फेलोशिप घेतली तर दुसरी कमाई चालत नाही, म्हणून वकिली थांबवावी लागते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करून सनद स्वेच्छेने स्थगित ठेवता येते, ती कायमची जात नाही. फेलोशिप न घेता अर्धवेळ पीएच.डी. केली तर वकिली चालू राहू शकते. नोकरदारांना त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. वकिलाला नियोक्ता नसतो, तेव्हा त्याऐवजी काय कागद हवा ते विद्यापीठाला विचारा. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिली करत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवताही येतो, तात्पुरत्या उत्पन्नाला तेवढा आधार. दोन्ही वाटांत मी एकच पथ्य सांगेन: आठवड्यातला एक पूर्ण दिवस न्यायालयाच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) नाव लागू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी दोन तास हे कागदावर छान दिसतं, पण उद्याच्या उलटतपासणीची फाइल समोर असताना प्रबंध उघडला जात नाही.

नोंदणीनंतरचं वेळापत्रक: किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन, महिलांना त्याहून दोन जास्त, म्हणजे तुम्हाला एकूण दहापर्यंत. शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा विषय सक्तीचा, ५५ टक्के मिळवणं आवश्यक. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. तिथे ‘वाचन चालू आहे’ असं सांगू नका, एक लिहिलेलं प्रकरण किंवा एक भरलेला तक्ता न्या. समितीच्या नोंदी पुढे मुदतवाढ मागताना कामी येतात. सादर करण्याआधी पूर्व-सादरीकरण, मग गाईड आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक, मग मौखिकी.

२०२२ च्या नियमावलीने सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता तुमच्यावर. चार दिवसांत ‘स्वीकृत’ कळवून पैसे मागणारं नियतकालिक म्हणजे सापळा. नामांकित नियतकालिकांच्या नावाची हुबेहूब खोटी संकेतस्थळंही असतात, तेव्हा पत्ता दोनदा तपासा.

साम्य तपासणीत कायद्याच्या विद्यार्थ्यांची एक खास पंचाईत होते. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० ला सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० ला एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. कायद्याची कलमं, संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यातून वगळायची असतात, पण सॉफ्टवेअर ते आपोआप ओळखतंच असं नाही. निकालाचे लांबच लांब उतारे अवतरण चिन्हांशिवाय घातले की आकडा चाळिशी गाठतो. कलमं परिशिष्टात टाका, निकालातली दोन वाक्यं उद्धृत करा, उरलेलं स्वतःच्या शब्दांत मांडा. आणि संदर्भ देण्याची एकच पद्धत पहिल्या दिवसापासून ठरवा. शेवटच्या महिन्यात आठशे तळटीपा बदलणं ही शिक्षा आहे.

राहिला मराठीचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या काही विद्यापीठांत मराठीत प्रबंध देता येतो, तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत पाहून घ्या. अडचण लेखनाची नाही, परीक्षकांची आहे: कायदा आणि मराठी दोन्हींवर हात असलेले बाहेरचे परीक्षक मोजके असतात आणि त्यात वेळ जातो. तालुका न्यायालयातले रोजनामे, जबाब आणि घटना अहवाल तुमच्या विषयात मराठीतच असणार. प्रबंध इंग्रजीत लिहिलात तर त्या नोंदींचं भाषांतर तुम्हालाच करावं लागेल, तेव्हा दहा फाइली वाचताना मूळ मराठी शब्द तक्त्यात जसेच्या तसे उतरवून ठेवा.